हौसामावशीच्या गोठ्यात बुध

हौसामावशी, पहाटेची चांदणी आणि तिन्हीसांजेची चांदणी एकच. हे मी तुला चोवीस वर्षं सांगत आले आणि चोवीस वर्षं तू मान डोलावून म्हणत राहिलीस, "आसंल बाई, तुमच्या बुकात आसंल." आज तुला जाऊन तेरा दिवस झाले. भांडायला समोर तू नाहीस, तेव्हा हा वाद मी जिंकले असं धरून चालायला हरकत नाही. पण जिंकल्यासारखं काही वाटत नाही. तू एकदा तरी "व्हय" म्हणायला हवी होतीस, असंही वाटत नाही. तू "व्हय" म्हणाली असतीस तर पुढे आपण बोललो तरी कशावर असतो?

मी लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. विधवा, एकटी, पुण्याची. सामानात एक वळकटी, एक पुस्तकांची पेटी आणि वडिलांची पितळी दुर्बीण. वडील पोस्टात होते आणि त्यांना आकाशाचा नाद होता. घरात मुलगा नव्हता, म्हणून तो नाद माझ्या वाट्याला आला, आणि त्याबद्दल मी देवाचे आभारच मानते. शाळेने दिलेल्या खोलीत मी उतरले आणि दुसऱ्याच दिवशी डोक्यावर दुधाची चरवी घेऊन तू दारात उभी. वलवणहून चालत आलेली. नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की शेजारच्या दोन घरांना कळावं, नव्या बाईंकडे दूध आलं.

"किती घालू?" तू विचारलंस.

"पावशेर. एकटीच आहे मी."

"एकटं मानूस जास्त जेवतंय बाई. बोलाया कुनी नसतं, मग खात बसतंय. अर्धा शेर घालते."

आणि अर्धा शेर घातलंस. ते मी चोवीस वर्षं घेत आले.

पहिले दोन महिने तू घड्याळासारखी येत होतीस. मग एका आठवड्यात रोज उशीर व्हायला लागला. चहाविना शाळेत जावं लागलं, तशी मी चिडून बोलले. तू चरवी खाली ठेवलीस आणि अगदी दुःखाने म्हणालीस, "काय करू बाई, चांदणी हरवलीया. ती डोंगरावर आली की मी उठायची. आता कुटं गेलीया कुनास ठाऊक."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पुण्यात माझ्या आजूबाजूला शिकलेली माणसं पुष्कळ होती, पण शुक्र दिसेनासा झाल्याची तक्रार माझ्याकडे कधी कोणी केली नव्हती. मी तुला ओसरीवर बसवलं आणि सांगितलं, की ती हरवलेली नाही. ती सूर्याच्या पलीकडे गेली आहे. महिना-दोन महिन्यांनी संध्याकाळी मावळतीकडे दिसायला लागेल.

तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी शाळेत शिकवायला नव्हे, शिकायला आले आहे. "संध्याकाळची ती निराळी. ती धाकटी. थोरली कामाची, पहाटं उठती, गोठा बघती. धाकटी नटवी. दिवस मावळला की नटूनथटून येती आन घटकाभर बसून जाती निजायला. दोघींचं पटत न्हाई. म्हनून एक आसली की दुसरी येत न्हाई."

तिथून आपलं भांडण सुरू झालं.

तुला पटवण्यासाठी मी अंगणात दगड मांडले होते, आठवतं? मधे तुळशीवृंदावन, तो सूर्य. त्याच्या अगदी जवळ सुपारीएवढा खडा, तो बुध. मग लिंबाएवढा शुक्र. मग तेवढीच आपली पृथ्वी. आणि सर्वांत बाहेर, बोराहून थोडा मोठा मंगळ. मी मुलींना शिकवते तसं तुला शिकवत होते. ही चार सूर्याच्या जवळची भावंडं, चारही दगडाची, घट्ट. पलीकडचे गुरू आणि शनी आकाराने राक्षसासारखे, पण आतून भुसभुशीत. शनी एवढा मोठा आणि इतका हलका, की त्याला मावेल असं तळं मिळालं तर पाण्यावर तरंगेल.

"आन हे चार बुडतील?"

"बुडतील."

"म्हंजे मावळातलेच की," तू म्हणालीस. "खडकाचे." आणि पायाच्या अंगठ्याने पृथ्वीला जरा बाजूला सरकवलंस, कारण तुझी चरवी तिथे ठेवायची होती.

मग मी तुला सांगितलं, की बुध सूर्याभोवती अठ्ठ्याऐंशी दिवसांत फिरतो, म्हणजे तिथलं वर्ष तेवढंच. शुक्राचं सव्वादोनशे दिवसांचं. आणि मंगळाचं जवळजवळ आपल्या दोन वर्षांएवढं. तुला हिशेब करता येत नव्हता, पण हिशेबात कुठे काय लपलंय ते तुला बरोबर कळायचं.

"बाई, मग मी तितं किती वर्साची?"

मी पाटीवर मांडलं. तू तेव्हा सत्तेचाळीसची असशील. बुधावर तू एकशे पंचाण्णव वर्षांची निघालीस, शुक्रावर शहात्तर आणि मंगळावर पंचवीस. मंगळाचा आकडा ऐकून तू पदर तोंडाला लावून इतकी हसलीस, की ठसका लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर म्हणालीस, "घरात सांगितलं. म्हनलं, मी मंगळावर पंचवीसची हाय. तर आमचं मालक म्हनले, मग तितंच का जात न्हाईस."

पुढे दरवर्षी, तुझ्या मते तुझा जन्म झाला त्या सुगीत, तू मला मंगळावरचं वय विचारायचीस. दरवर्षी जेमतेम सहा महिन्यांनी वाढायचं. तू म्हणायचीस, हे एक वय आपल्याला परवडतंय.

मंगळाचंच मला आज तुझ्यापाशी कबूल करायचं आहे. ते राहून गेलं आहे.

एका श्रावणात मंगळ पृथ्वीच्या फारच जवळ आला होता. वर्तमानपत्रांत रोज त्याचीच बातमी. त्यावर कालवे आहेत, सरळ रेषांसारखे, ते कोणी तरी शहाण्या जिवांनी खणले असले पाहिजेत, असं मोठमोठ्या लोकांचं म्हणणं छापून यायचं. मी भारावून गेले होते. दुर्बीण पुसून, तेल घालून तयार ठेवली होती. आणि लोणावळ्यात चाळीस दिवस एक तारा दिसला नाही. धुकं खिडकीतून घरात येत होतं. कपडे वाळत नव्हते. मी रोज संध्याकाळी दारात उभी राहून आकाशाकडे बघत होते, आणि तू इरलं पांघरून येताना मला बघून हसत होतीस.

"बाई, त्यो जर आपल्याला बघाया आला आसंल, तर त्याला तरी काय दिसत आसंल? ढगच!"

मी म्हटलं, "शुक्र असाच आहे. सगळा ढगांत गुंडाळलेला. आत काय आहे ते आजपर्यंत कोणाला दिसलेलं नाही."

"म्हंजे तितं बारा म्हैने आखाड-सरावन? मग तितं भाताचं पीक चांगलं यील."

मग मी तुला मंगळाचे कालवे सांगायला लागले. तू सगळं ऐकून घेतलंस. वलवणचं धरण बांधलं जात होतं तेव्हा तू चाळिशीला आली होतीस. त्या कामावर किती माणसं खपली, किती दगड फोडला, पाणी न्यायला केवढे पाट खणले, ते तू रोज डोळ्यांनी पाहिलं होतंस. तू म्हणालीस, "धरनाच्या भिताडावर हुबं ऱ्हाऊन बघितलं तर आमचा पाट कोसावर दिसंनासा हुतो. आन तुमच्या साहेबाला मंगळावरचा दिसतुया? न्हाई बाई. लांबचं बघाया लागलं की डोळं आपल्या मनानं रेघा वढत्यात. मी रानातनं येताना झुडपाला मानूस समजते, तसं."

मला राग आला. अडाणी बाईने एवढ्या मोठ्या लोकांना खोटं ठरवावं! मी आठ दिवस तुझ्याशी दुधापुरतं बोलले. तुझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही, की आलं आणि तू दाखवलं नाहीस, ते मला अजून कळलेलं नाही.

मावशी, कालवे नाहीत. पुढे फार मोठ्या दुर्बिणींतून पाहिलं तेव्हा त्या सरळ रेषा राहिल्या नाहीत, नुसते तुटक डाग दिसले, असं मी वाचलं. आता बहुतेक जाणते म्हणतात, तो डोळ्यांचा भासच होता. हे वाचून मला दहा वर्षं झाली. दहा वर्षं तू रोज दारात येत होतीस आणि मी रोज ठरवत होते, आज सांगू. शिक्षकाला चूक कबूल करणं फार जड जातं. आता ऐक. तू बरोबर होतीस.

पण मुख्य गोष्ट बुधाची. तेवढ्यासाठी तर मी लिहायला बसले.

एकोणीसशे सत्तावीस साली त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी बुध सूर्याच्या तोंडावरून जाणार होता. सकाळी साडेआठच्या सुमारास सूर्याच्या एका कडेने आत शिरायचा आणि दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या कडेने बाहेर. दुर्बिणीतून सूर्याचा कवडसा पांढऱ्या कागदावर पाडला, की बुध काळ्या ठिपक्यासारखा चालताना दिसायचा. मी मुलींना आठ दिवस आधीपासून सांगत होते. फळ्यावर वेळसुद्धा लिहून ठेवली होती. मुलींनी घरी सांगितलं. घरच्यांनी आणखी काही तरी ऐकलं. शेवटी शाळेच्या मंडळाच्या अध्यक्षांपर्यंत पोचलं ते असं, की बाई लग्नाच्या मुलींना सूर्याला लागलेला डाग दाखवणार आहेत.

अध्यक्ष वडगावच्या कोर्टात वकिली करत. भला माणूस, पण आवाज कोर्टातलाच. शाळेत येऊन उभ्या उभ्या म्हणाले, "बाई, दुर्बीण शाळेच्या आवारात दिसता कामा नये. आणि तुम्ही वेळ लिहून ठेवली आहे. ते घडलं नाही, तर या मुलींनी तुमच्या कुठल्याही शब्दावर विश्वास का ठेवावा? आणि मग आम्ही तुम्हाला इथे का ठेवावं?"

मी घरी येऊन रडले. नोकरी गेली तर जायचं कुठे? पुण्यात दिरांच्या घरी, ताक घुसळायला आणि माजघरात बसायला. दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलीस, माझे डोळे बघितलेस आणि चरवी उतरवायच्या आधी विचारलंस, "कोन काय बोललं?"

मी सगळं सांगितलं. तू विचारलंस, "त्याला जागा कसली लागती?"

"अंधारी. आणि दाराला ऊन हवं."

"मग आमचा गोठा हाय की! दार उगवतीला आन दक्षिणंला. घोंगड्या टाकू. गाय तेवढी कोपऱ्यात बांधावी लागंल, ती काय बोलत न्हाई."

"पण मावशी, गावात तुला नावं ठेवतील."

"ठिवू देत. माझं नाव हौसा हाय, आता आनि काय ठिवनार?"

शाळा अकराला भरायची. मी त्या दिवशी रजा टाकली. कोणाला बोलावलं नव्हतं, पण सकाळी साडेसातला वलवणच्या वाटेवर मुलींची रांग लागली होती, आणि निम्म्या मुलींबरोबर त्यांच्या आया. गावातल्या बाया आधीच जमल्या होत्या. तू गोठा शेणाने सारवून लख्ख केला होतास. दाराला दोन घोंगड्या, त्यांच्या मधल्या फटीतून दुर्बिणीचं तोंड बाहेर. आत जेवायच्या पाटावर मी पांढरा कागद खळीने चिकटवला होता. दुर्बीण सूर्याकडे वळवली आणि पाटावर ताटलीएवढा सूर्य उमटला. सगळ्या बायांनी एकदम हात जोडले. मीसुद्धा.

सूर्यावर दोन डाग होते. बाया कुजबुजायला लागल्या. मी सांगितलं, हा बुध नव्हे. हे सूर्याचे स्वतःचे डाग, ते येतात-जातात. बुध अजून यायचा आहे.

साडेआठ झाले. स्टेशनच्या घड्याळाशी जुळवलेलं घड्याळ माझ्या हातात होतं. काही नाही. आठ बत्तीस. काही नाही. एक बाई म्हणाली, "चला, सैपाक ऱ्हायलाय." कोणीतरी हसलं. आठ चौतीस. मी कागदाकडे बघत होते, पण डोळ्यांत पाणी आल्यामुळे मला सूर्यच धड दिसत नव्हता.

तेवढ्यात तू वाकलीस. नाक जवळजवळ पाटाला लावलंस.

"बाई, हितं कडंला उंदरानं कुरतडल्यागत झालंय."

झालं होतं! सूर्याच्या कडेला इवलासा, काळा, गोल चावा. बघता बघता तो आत आला आणि कडेपासून सुटला. खसखशीचा एक दाणा. एवढा मोठा सूर्य आणि त्याच्यापुढे खसखशीएवढा बुध. साऱ्या बाया पाटाभोवती दाटल्या. गाय मात्र शेपटी हलवत होती. मी खाली बसले आणि ढसाढसा रडायला लागले. तू माझ्या पाठीवर हात ठेवलास आणि म्हणालीस, "रडू नगंस गं पोरी. आला की त्यो."

मला तू जन्मात एकदाच "तू" म्हणालीस. दुसऱ्या क्षणाला परत "बाई, तुमी" झालं. ते "तू" मला इतकं आवडलं होतं, की मी ते पुन्हा ऐकायला वाट बघत राहिले. तुला हे कधी बोलले नाही. लाज वाटली.

मग तू चुलीतला कोळसा आणलास आणि म्हणालीस, "ह्यो हलतोय का, ते बघायचं." मी कागदावर सूर्याचा घेर आखून घेतला आणि दर थोड्या वेळाने कवडसा त्या घेरात आणायची. तू ठिपक्याच्या जागी कोळशाची खूण करायचीस. तीन खुणा झाल्या तेव्हा साऱ्या मुलींना दिसलं, की सूर्याचे डाग होते तिथेच आहेत आणि बुध चालला आहे. अकराला शाळा, म्हणून मुली निघाल्या. पण जाईनात. मागे वळून वळून बघत होत्या.

त्या रस्त्याला लागल्या आणि समोरून अध्यक्ष आले. पायात चढाव, हातात काठी, चेहरा लाल. कुणीतरी त्यांना जाऊन सांगितलं होतं. घोंगडी बाजूला करून ते आत पाऊल टाकणार, तोच तू म्हणालीस, "साहेब, काठी भाईर ठिवा. गाय बुजती."

त्यांनी ठेवली. काय करणार? तू पेंढ्याची एक पेंढी सरकवलीस आणि ते तिच्यावर बसले. अंधाराला डोळे सरावले. पाटावरचा सूर्य त्यांना दिसला. मग त्यांच्यातला वकील जागा झाला.

"हा बुध, हे कशावरून? हाही सूर्याचाच तिसरा डाग नसेल कशावरून?"

मी तोंड उघडायच्या आत तू पुढे झालीस. बोटाने एकेक खूण दाखवलीस. "ह्यो सकाळी हितं हुता. मग हितं. मग हितं. हे दोन डाग सूर्व्याचं, ते जागचं हललं न्हाईत. साहेब, तुमी आगगाडीनं वडगावला जाता, तवा गावं हायेत तितंच ऱ्हात्यात आन गाडी फुडं जाती. न्हवं? डाग म्हंजे गावं. आन ही गाडी."

अध्यक्षांनी कोटाच्या खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि खाली वाकले. दुपार होत गेली, सूर्य वर चढत गेला, तसा मी पाट खाली खाली घेत गेले. शेवटी तो जवळजवळ जमिनीला टेकला. आणि वडगावच्या कोर्टात ज्यांच्यापुढे पक्षकार थरथर कापत, ते अध्यक्ष तुझ्या गोठ्यात पालथे पडून, हनुवटीखाली हात घेऊन बुध बघत होते. तू त्यांना भाकरी आणि पिठलं दिलंस, ते त्यांनी त्याच अवस्थेत खाल्लं. दीडच्या गाडीने त्यांना परत जायचं होतं. मी आठवण केली तर म्हणाले, "जाऊ द्या. हा बाहेर पडेपर्यंत मी हलत नाही."

दोनच्या सुमाराला खसखशीचा दाणा दुसऱ्या कडेला टेकला, कडेला पुन्हा तो चावा दिसला आणि मग सूर्य होता तसा झाला. तू कोळसा खाली ठेवलास. "गेला. वाट चुकला न्हाई हो."

अध्यक्ष उठले, धोतराला चिकटलेला पेंढा झटकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारी दुर्बीण शाळेत आणा." एवढंच. पण पुढे सरकारी इन्स्पेक्टर आले तेव्हा हेच अध्यक्ष त्यांना सांगत होते, "आमच्या शाळेत आकाशाचा तास असतो," आणि आवाज तोच, कोर्टातला. तुझ्या गोठ्याचा उल्लेख त्यांनी केला नाही. तो मी केला.

त्या दुपारी तू मला विचारलं होतंस, "बाई, शुक्रबी आसा सूर्व्यावरनं जातो का?"

"जातो. पण फार क्वचित. आता पुढचा दोन हजार चार साली. सत्त्याहत्तर वर्षांनी. जूनच्या आठ तारखेला."

"जून म्हंजे?"

"मृग लागतो ना, तेव्हा."

तू कपाळावर हात मारलास. "मिरगात? मग लोनावळ्याला कशाला यील दिसाया? ज्यानं कुनी ही येळ ठरवलीया, त्याला इचारायला नगं व्हतं का आमाला?" आणि राहिलेल्या सगळ्या बाया हसल्या. अध्यक्षसुद्धा.

मावशी, यातली एक गोष्ट तुला सांगायची राहिली. गेल्या महिन्यात वडिलांच्या जुन्या वहीत मला एक टिपण सापडलं. अठराशे चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात, सकाळच्या वेळी, शुक्र सूर्यावरून गेला होता आणि तो आपल्याकडून दिसला होता. तू म्हणायचीस, तुझा जन्म थोरल्या दुष्काळाच्या आधी दोन वर्षं, सुगीत झाला. म्हणजे त्या सकाळी तू महिना-दोन महिन्यांची होतीस. तुला तुझ्या आईने थंडीचं उन्हात निजवलं असेल. त्या उन्हातून शुक्र चालला होता, आणि तुझ्या अंगावर पडलेलं ऊन कणभर कमी झालं असेल ते त्याच्या सावलीमुळे. तुला हे सांगायला मी वही पदराखाली घेऊन वलवणला आले. तू तापाने निजली होतीस. म्हटलं, उठून बसेल तेव्हा सांगू. हसेल, दोन वेळा विचारेल, मग साऱ्या गावाला सांगेल.

तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस आणि विचारलंस, "वकीलसाहेबांना गाडी मिळाली का हो?"

"मिळाली मावशी. पाचची मिळाली."

"बरं झालं," म्हणालीस आणि पुन्हा निजलीस. आपलं शेवटचं बोलणं ते. मला त्याचं वाईट वाटत नाही. तुझ्या डोळ्यांपुढे त्या वेळी काय होतं, ते मला ठाऊक आहे. तो अंधार, तो कवडसा, आणि सगळी जमलेली माणसं. त्या दिवसात परत जायला मिळालं तर मीही जाईन.

मी सारं आयुष्य मुलींना शिकवलं. पण बघायला मला तू शिकवलंस. ऐकलेलं आधी डोळ्यांनी बघायचं, बघितलेल्यावर खूण करायची, आणि खूण हलली तरच बोलायचं. कुठल्या पुस्तकात हे इतकं सरळ लिहिलेलं मला सापडलं नाही.

आज सकाळी तुझी सून पारू दूध घेऊन आली. सुतक संपल्यावर पहिल्यांदा. बारा दिवस मी चहा पिणंच सोडलं होतं. तिने चरवी उतरवली, तिचेही डोळे सुजलेले होते. मी तिला ओसरीवर बसायला सांगितलं. मग तिने विचारलं, "बाई, आत्याबाई म्हनायच्या, आपली धरतीबी त्या चार दगडांतलाच एक दगड हाय. खरं हाय का?"

"खरं आहे."

"मग ती कुनाला दिसत आसंल?"

"मंगळावर कोणी असलंच, तर त्यांना. आपल्याला शुक्र दिसतो ना, तशी त्यांना आपली पृथ्वी दिसत असेल. चकाकणारी, जराशी निळसर. आणि तिच्या जवळ बारीकसा आपला चंद्र."

"कुटं? वर?"

"वर. आभाळात."

पारूने ओसरीखालच्या जमिनीकडे बघितलं. मग अंगणाकडे, रस्त्याकडे, समोरच्या डोंगराकडे. तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हंजे आमीबी वरच हाओत की!" ती म्हणाली. "आन मी आजवर सोताला खाली समजत हुते!"

ती हसायला लागली. पदर खांद्यावरून घसरला, तो सावरायचंसुद्धा तिच्या ध्यानात राहिलं नाही. मग एकदम उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि चरवी उचलली. "जाते बाई. अजून चार घरं ऱ्हायल्यात." आणि झपाझपा रस्त्याला लागली.